स्ट्रट माउंट-बेअरिंग किट: घेण्याआधी आवाज ओळखा

स्ट्रट म्हणजे पुढच्या चाकाचा स्प्रिंगसकट शॉकअब्सॉर्बर; त्याचं वरचं टोक गाडीच्या बॉडीला धरतो तो माउंट, आणि स्टिअरिंगबरोबर स्प्रिंग फिरू देतं ते बेअरिंग. गाडी उभी ठेवून एकाने स्टिअरिंग पूर्ण फिरवावं, दुसऱ्याने पुढच्या स्प्रिंगवर बाहेरून हलकेच बोटं टेकवावीत (वेटोळ्यांच्या फटीत नाही!). स्प्रिंग अडकून झटक्याने सुटली, टण्ण वाजलं, तर वरचं बेअरिंग गेलंय. हे किट त्यासाठीच. चालत्या गाडीत पूर्ण वळणावर कटकट येत असेल तर संशय सीव्ही जॉइंटवर (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा), मग किटचे पैसे पाण्यात. स्पीडब्रेकरवरची खडखड बहुधा लिंक रॉडची (अँटीरोल बारला सस्पेन्शनशी जोडणारी छोटी दांडी).

किटमध्ये मधला नट (शॉकअब्सॉर्बरच्या दांड्यावर माउंट धरून ठेवणारा) नसेल तर नवा घ्या. स्प्रिंग कॉम्प्रेसरने (स्प्रिंग आवळून धरणारं अवजार) स्प्रिंग दाबल्याशिवाय तो सोडणं जिवावर बेतेल. बेअरिंग उलटं बसलं की आवाज परत आलाच. मजुरी तीच, म्हणून माउंट जुनं ठेवून नुसतं बेअरिंग बदलणं ही खोटी काटकसर. शेवटी चाकांची अलाइनमेंट तपासा.