स्प्लॅश माउंटन : उडीला कारण देणारी राइड

कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९८९ ते २०२३ या काळात चाललेली ‘स्प्लॅश माउंटन’ ही राइड आता त्या रूपात उरलेली नाही, त्यामुळे हे परीक्षण वाचून कोणी तिच्या रांगेत उभे राहील असे नाही. तरीही ते लिहावेसे वाटते, कारण लॉग फ्लूम या प्रकारात भिजण्याखेरीज आणखी काय साधता येते, हे मला या राइडमुळे कळले.

लॉग फ्लूमची कल्पना लाकडाच्या धंद्यातून आली. डोंगरात तोडलेले ओंडके पाण्याच्या लांबच लांब पन्हळीतून खाली गिरणीकडे सोडले जात. ॲरो डेव्हलपमेंट या कंपनीने १९६३ मध्ये टेक्सासमधील सिक्स फ्लॅग्ज उद्यानात त्याचीच करमणुकीची आवृत्ती उभारली. ओंडक्याच्या आकाराची होडी, सरकत्या पट्ट्यावरची चढण आणि शेवटी उतारावरची झेप, हा साचा तेव्हापासून फारसा बदललेला नाही. होडीला इंजिन नसते, पंपाने वर चढवलेले पाणीच तिला वाहून नेते. त्यामुळे झेपेआधीचा प्रवास संथ असतो, आणि काठावर पाहण्यासारखे काही नसेल तर तो चक्क कंटाळवाणा होतो.

स्प्लॅश माउंटनने हा संथपणाच कामाला लावला. सुमारे दहा मिनिटांच्या सफरीत होडी डोंगराच्या आत-बाहेर वळसे घेत असताना, हलत्या-बोलत्या यांत्रिक प्राण्यांच्या देखाव्यांतून ब्रेर रॅबिट या सशाची गोष्ट उलगडत जाई. यांपैकी बरेच प्राणी १९८८ मध्ये बंद झालेल्या ‘अमेरिका सिंग्ज’ या कार्यक्रमातून आणलेले होते, पण काटकसरीची ती खूण सहसा डोळ्यांत येत नसे. सिंहाला विहिरीत उडी घ्यायला लावणारा ससा ज्यांनी लहानपणी ऐकला आहे, त्यांना या सशाची ओळख करून द्यावी लागत नाही. कोल्ह्याच्या तावडीत सापडल्यावर तो गयावया करतो, ‘वाटेल ते कर, पण त्या काटेरी जाळीत तेवढे टाकू नकोस’, आणि जाळीत तर त्याचे घरच असते. शेवटच्या चढणीवर दोन गिधाडे प्रवाशांना खिजवत आणि मग सुमारे १६ मीटरची ती झेप थेट काटेरी जाळीत येई. उडीचा क्षण आणि गोष्टीचा कळस इतके नेमके एकत्र आलेले मी दुसऱ्या कोणत्याही फ्लूममध्ये पाहिलेले नाही.

मात्र त्या गोष्टीचे मूळ स्वच्छ नव्हते. या कथा आफ्रिकी-अमेरिकी गुलामांच्या मौखिक परंपरेतल्या; राइडने त्या ज्या १९४६ च्या चित्रपटातून उचलल्या, त्या ‘साँग ऑफ द साउथ’वर मळ्यांवरील कृष्णवर्णीयांचे जीवन गोडगोड करून दाखवल्याची टीका प्रदर्शनापासूनच होत आली, आणि डिस्नेने अमेरिकेत तो घरगुती व्हिडिओवर कधीच आणला नाही. राइडमध्ये माणसे नव्हती, केवळ प्राणी होते, हा बचाव मला अपुरा वाटतो. राइडची गोष्ट बदलण्याचा जून २०२० मध्ये जाहीर झालेला निर्णय म्हणूनच योग्य होता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच पन्हळीवर आणि त्याच उतारावर ‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’ सुरू झाली. यात डिस्नेच्या ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ या चित्रपटाची नायिका टियाना मेजवानीसाठी वादक शोधत फिरते. कोणी कोणाच्या मागे लागलेले नसल्याने झेप येते ती गोष्टीच्या गरजेने नव्हे, उतार आधीपासून तिथे आहे म्हणून, असे वाटत राहते.

मूळ गोष्ट टोकियो डिस्नेलँडमध्ये १९९२ पासून चालू आहे. तिथल्या होडीत दोघे शेजारी बसतात; कॅलिफोर्नियात एकामागे एक बसावे लागे आणि उडीच्या वेळी पुढच्याची पाठ एवढाच आडोसा असे. मला तीच बैठक अधिक पसंत होती, अर्थात सर्वांत पुढे बसायची पाळी आली नाही तर.