बोटाची नस तुटली होती आणि सेंटरवाले सेशन विकत बसले... कबड्डीवाल्यांनी नक्की वाचा

घरात कबड्डी, रग्बी, कुस्ती, ज्युडो असलं काही खेळणारं पोरगं असेल तर हे वाचा आणि मंडळाच्या ग्रुपवर पण टाका. प्रकार माझ्या भाच्याच्या बाबतीत झालाय, पैसे १८ हजार गेले, पण रडगाणं पैशांचं नाहीये, ते खाली कळेलच.

भाचा कुमार गटात कबड्डी खेळतो, उजवा कोपरा, म्हणजे उजव्या टोकाला उभा राहून पकड करणारा. आमच्या रायगडात दिवाळी झाली की गावोगाव स्पर्धा लागतात, रात्री उशिरापर्यंत सामने चालतात, तशाच एका सामन्यात रेडरच्या मांडीला हात घालायला गेला आणि त्याचं बोट चड्डीच्या काठात अडकलं. मुद्दाम कपडा कोणी धरत नाही, फाऊल जातो, पण झटापटीत बोट अडकायचं ते अडकतंच. रेडरने मध्यरेषेकडे जोरात झेप घेतली आणि ह्याच्या अनामिकेत काहीतरी कट् झालं. मग काय, नेहमीचं, स्प्रे मारला, शेजारच्या बोटाला टेप लावून बांधलं आणि गडी परत मॅटवर. दुसऱ्या दिवशी बोट टम्म. मंडळात फिटनेस घ्यायला येणारा एक ट्रेनर आहे, तो म्हणाला माझ्या ओळखीचं स्पोर्ट्स इंजुरीचं सेंटर आहे, मोठे मोठे प्लेअर तिथेच जातात, मी फोन करून ठेवतो. ताई आणि भावजी साधी माणसं, ट्रेनर रोजच्या बघण्यातला, त्यामुळे संशय यायचा प्रश्नच नव्हता.

सेंटर एकदम चकाचक, एसी, भिंतीवर खेळाडूंसोबतचे फोटो (असे फोटो स्पर्धेच्या ठिकाणी कोणीही कोणासोबत काढतो हो), नावाआधी डॉ. लावलेली पाटी. त्या पाटीवाल्याने एक्स-रे बघितला आणि म्हणाला हाड एकदम ओके आहे, म्हणजे टेन्शन घेऊ नका, फक्त लिगामेंट ताणलंय, ऑपरेशनवाल्यांकडे गेलात तर उगाच चिरतील, आपण मशीनवर बरं करू. लेझर, करंट, अल्ट्रासाऊंड, टेपिंग सगळं मिळून पॅकेज २५ हजार, आज भरलेत तर १८. भावजींकडे तेवढे नव्हते तर त्याच्या रिसेप्शनच्या मुलीने तिथेच मोबाईलवर कुठल्याशा लोन ॲपवरून हप्ते करून दिले. हे सगळं पाव-अर्ध्या तासात, आणि ज्या बोटासाठी आले होते ते बोट त्याने धड हातात घेऊन बघितलं पण नाही.

आता इथे जरा सविस्तर सांगतो कारण खरी गोम इथेच आहे. बोट वळवायला दोन टेंडन असतात, आपण ज्याला सरसकट नस म्हणतो ती. एक मधल्या पेरापर्यंत जाते आणि मधला सांधा वळवते, दुसरी खालून पार शेवटच्या पेरापर्यंत जाते आणि बोटाचा शेंडा वळवते. मुठीत कपडा घट्ट धरलाय आणि समोरच्याने झटका दिला की ही दुसरी शेंड्याच्या हाडावरून उपटून निघते, डॉक्टर लोक ह्याला जर्सी फिंगर म्हणतात, आणि बहुतेक वेळा ती अनामिकाच असते. कधी हाडाचा टवका सोबत निघतो, तेव्हा एक्स-रेत दिसतो. नुसतीच नस निघाली असेल तर एक्स-रे अगदी स्वच्छ! म्हणजे "हाड ओके आहे" ह्या वाक्याला ह्या दुखण्यात काहीही अर्थ नाही. आणि सुटलेली नस जागेवर बसून राहत नाही, वरचा स्नायू तिला ओढून घेतो, कधी मधल्या सांध्यापाशी अडकते तर कधी थेट तळहातात येऊन बसते. तळहातात गेली असेल तर तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, ती आखडत जाते, म्हणून साधारण ७ ते १० दिवसात ऑपरेशन करून परत हाडाला बसवायला लागते. लेझरने, करंटने, टेपने, कशानेही ती आपली आपण चालत परत शेंड्यापर्यंत जात नाही.

ओळखायची रीत बिनपैशाची आहे. दुखऱ्या बोटाचा मधला सांधा दुसऱ्या हाताने सरळ धरून ठेवायचा आणि फक्त शेंडा वाकवायला सांगायचा. शेंडा जरा पण हलला नाही की समजायचं. पाच सेकंदांचं काम. ते त्या सेंटरमध्ये एकदाही झालं नाही.

उलट झालं काय ते बघा. दर आठवड्याला ते एक प्रोग्रेस चार्ट द्यायचे, रंगीत, ग्राफ वर वर चाललेला. बोट किती वळतं ते मोजायचे, मुठीची ताकद मशीनवर मोजायचे, आणि दोन्ही आकडे खरंच वाढत होते! वाढणारच ना, सूज उतरत होती, दुखणं कमी होत होतं, मधला सांधा वळवणारी पहिली नस शाबूत होती आणि बाकीची बोटं तर धडधाकट होतीच. घरचे खूश, पोरगं खूश. आकडे खोटे नव्हते हे मला सगळ्यात हुशारीचं वाटतं, फक्त ज्याचं दुखणं होतं त्याचा आकडा त्यात घेतलाच नव्हता. ताईने एकदा विचारलं की सोनोग्राफी वगैरे काही लागेल का, तर म्हणे अल्ट्रासाऊंड रोज होतंच की. ते अल्ट्रासाऊंड म्हणजे जेल लावून फिरवतात ते शेकाचं मशीन, त्यात ना काही चित्र येतं ना रिपोर्ट. तिला वाटलं तपासणी झाली आणि सगळं नॉर्मल आलं.

मी ठाण्याला असतो, पूजेला गेलो तेव्हा जेवताना बघितलं, ह्याच्या अनामिकेचा शेंडा घास घेताना सरळच. विचारलं तर म्हणाला, "मामा, बोट वळतंय, शेंडाच तेवढा अजून नाही, सर म्हणाले शेवटी येतो." माझ्या डोक्यात तिडीकच गेली. आमच्या काळात टीममधल्या एकाला सेम झालेलं, त्याचं मुंबईत ऑपरेशन केलेलं, म्हणून मला ती शेंड्याची टेस्ट माहिती. केली तिथल्या तिथे. शेंडा ढिम्म.

हाताची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनला दाखवलं, त्यांनी खरी सोनोग्राफी करून घेतली, नसेचं टोक तळहातात. महिना उलटून गेलेला होता. आता सरळ जोडता येणार नाही म्हणाले. पर्याय असे की एकतर दोन टप्प्यात ऑपरेशन, आधी नसेच्या वाटेत सिलिकॉनचा रॉड घालून वाट तयार करायची, काही महिन्यांनी मनगटातून किंवा पायातून दुसरी नस काढून तिथे बसवायची, मग भरपूर थेरपी, आणि त्यात चांगला चालणारा मधला सांधा पण आखडायचा धोका. नाहीतर शेंड्याचा सांधा कायमचा जाम करून टाकायचा. नाहीतर आहे तसं सोडायचं, कारण पहिली नस चांगली आहे आणि रोजची कामं होतात. त्यांनी स्वतः तिसरं सुचवलं. पहिल्या आठवड्यात आला असता तर एकच ऑपरेशन, सहा एक आठवडे स्प्लिंट (बोट एका जागी धरून ठेवणारा आधार) आणि थेरपी, तीन-चार महिन्यांनी मॅटवर. कोपऱ्याच्या पोराला पकडीत बोटाचा शेंडा म्हणजे काय हे खेळणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

थेरपीला मी नावं ठेवत नाहीये हां, उलट नस जोडल्यावर अर्धं काम थेरपिस्टच करतात, रोज किती आणि कसं हलवायचं ते चुकलं तर टाका तुटतो नाहीतर नस चिकटते. मुंबईच्या केईएममध्ये कमला निंबकरांनी १९५० ला ऑक्युपेशनल थेरपीची (ओटी, म्हणजे रोजची कामं परत करता यावीत म्हणून दिली जाणारी थेरपी) शाळा सुरू केली, सरकारी आणि पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात आजपण ओटीवाले हाताच्या मापाचे स्प्लिंट बनवून देतात आणि खर्च ह्या पॅकेजच्या पासंगालाही पुरत नाही. क्रिकेटमध्ये बॉल लागून शेंडा खाली पडतो ना, मॅलेट फिंगर, त्याला बहुतेक वेळा एक छोटा स्प्लिंट सहा ते आठ आठवडे सलग, मध्ये एकदाही न वाकवता, एवढंच लागतं. त्यावर पण असले सेंटरवाले लेझरचं पॅकेज मारतात.

मग मी आणि भावजी सेंटरवर गेलो. आधी चहा पाजला, सर सर केलं, पैसे परत म्हटल्यावर भाषा बदलली. पावती काढून दाखवली, तिच्यावर ट्रीटमेंट असा शब्दच नाही, "रिकव्हरी मेंबरशिप, नॉन रिफंडेबल" असं छापलेलं. म्हणे आम्ही उपचार करतच नाही, आम्ही रिकव्हरी देतो. रजिस्ट्रेशन नंबर विचारला तर भिंतीवरचं एका कोर्सचं सर्टिफिकेट दाखवलं, शनिवार-रविवारचा कोर्स. फिजिओची डिग्री नाही, डॉक्टरची तर नाहीच. ट्रेनरला गाठलं तर आधी उडवाउडवी, मग कबूल झाला की पेशंटमागे त्याला पैसे मिळतात. मंडळाने त्याला काढला, तेवढं एक बरं झालं.

तर कोणाकडे जायच्या आधी रजिस्ट्रेशन नंबर मागा. डॉक्टर असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, फिजिओ किंवा ओटी असेल तर राज्याची ओटीपीटी कौन्सिल, खरा माणूस ह्या प्रश्नावर चिडत नाही. पावतीवर काय लिहिलंय ते पैसे द्यायच्या आधी वाचा, नंतर नाही. काय दुखणं आहे ते कागदावर लिहून मागा, हे तोंडी लिगामेंट सांगतात आणि कागदावर काहीच नसतं. बोट, मनगट, कोपर, जे काही एका बाजूला अजिबातच हलत नसेल तर सेशन नंतर, आधी ऑर्थो नाहीतर हँड सर्जन, त्याच आठवड्यात.

आणि फसला असाल तर गप्प बसू नका. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सुप्रीम कोर्टाने १९९५ लाच सांगितलंय. १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवता येते, जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखापर्यंतच्या दाव्याला फी नाही, मुदत २ वर्षं. आमच्याकडे मेंबरशिपची पावती असली तरी त्या सेंटरच्या नंबरवरून आलेले व्हॉट्सॲप मेसेज आहेत, "टेंडन हीलिंग ८० टक्के पूर्ण" असं त्यांनी स्वतः लिहिलंय, वकील म्हणाल्या हाच मुद्दा धरू, कारण रिकव्हरी देणारा हीलिंगचे टक्के कशाला सांगेल. प्रोग्रेस चार्ट, मेसेज, सोनोग्राफी रिपोर्ट सगळं जोडून तक्रार दाखल केलीय. लोनचे हप्ते मात्र अजून भावजींच्या खात्यातून जातायत, ॲपवाले म्हणतात सेंटरशी तुम्ही बघा.