रेडिओमास्टर बॉक्सर घेताय? फेलसेफ आणि रेंज चेकचं आधी वाचा

सांगली-मिरजेकडं आरसी विमानं उडवणारी पोरं आता बरीच झालीत आणि नवीन माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला, रिमोट कुठला घेऊ आणि रेंज किती मिळेल. मी रेडिओमास्टरचा बॉक्सर वापरतो, ४-इन-१ वाला, म्हणजे ज्यात वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिसीव्हरशी बोलणारं मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल आतच आहे, आणि सोबत फ्रस्काय कंपनीचे डी१६ प्रोटोकॉलचे रिसीव्हर, म्हणजे विमानात बसणारा सिग्नल घेणारा डबा. स्टिकचे गिंबल चुंबकी हॉल सेन्सरचे आहेत, हातात मस्त बसतो, हे सगळं यूट्यूबवर दहा जणांनी सांगून झालंय. मला फेलसेफवर, म्हणजे सिग्नल गेल्यावर विमान काय करतं त्यावर लिहायचंय, कारण विमान वाचतं की जातं ते तिथं ठरतं आणि दुकानदार त्याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत.

आपल्याकडं विमान पडलं की ते उसात पडतं. तोडणीला आलेला ऊस डोक्याच्या वर असतो, आत शिरलं की दोन सरी पलीकडचं दिसत नाही, आणि ओल्या पाल्यात २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल शोषला जातो, त्यामुळं खाली पडलेल्या रिसीव्हरला रिमोटचं काही ऐकू जाईलच असं नाही. त्यावेळी मोटर चालूच राहिली तर प्रॉप उसात अडकणार, ईएससी म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट तापणार, लिपो बॅटरी फुगणार, आणि खाली वाळलेलं पाचट. कुणाचं तरी वर्षाचं पीक आहे ते राव. आमच्या ग्रुपमधल्या एका पोराचं विमान असंच उसात गेलं, पाणी पाजणाऱ्या काकांनी आवाजावरून शोधून दिलं, म्हणजे मोटर तोपर्यंत घरघरतच होती. नशीब कुणी हात घातला नाही.

आता बॉक्सरकडं येऊ. यात एजटीएक्स नावाचं सॉफ्टवेअर आहे आणि ते गप्प बसत नाही, हे मला सगळ्यात आवडलं. नवीन मॉडेल बनवलं की फेलसेफ 'नॉट सेट' असतो आणि मॉडेल उघडताना स्क्रीनवर वॉर्निंग येते. बरेच जण बटण दाबून पुढं जातात, कृपा करून जाऊ नका. मॉडेल सेटअपमध्ये खाली इंटर्नल आरएफ, म्हणजे आतल्या मॉड्यूलची सेटिंग आहे, तिथं फेलसेफचे पर्याय मिळतात. 'होल्ड' म्हणजे सिग्नल जाताना स्टिक जिथं होत्या तिथंच सगळं धरून ठेवणार, म्हणजे तुम्ही फुल थ्रॉटलवर असाल तर विमान फुल थ्रॉटलवरच निघून जाणार, विमानासाठी हा पर्याय निवडूच नका. 'नो पल्सेस' मध्ये रिसीव्हर आउटपुटच बंद करतो, ते विमानात फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे स्वतः विमान सांभाळणारा बोर्ड असेल तर ठीक. 'रिसीव्हर' निवडलं तर रिसीव्हरमध्येच जे सेट केलंय ते चालतं. साध्या फोमच्या ट्रेनरला, म्हणजे शिकायच्या विमानाला 'कस्टम' घ्या. त्यात सेटमध्ये जाऊन प्रत्येक चॅनेलला, म्हणजे थ्रॉटल, रडर अशा प्रत्येक कंट्रोलला हवी ती पोझिशन ठेवायची आणि एंटर दाबून धरायचं. थ्रॉटल एकदम खाली, मोटर बंद, याला पर्याय नाही. मी त्यासोबत रडर (शेपटीची उभी पट्टी) थोडा एका बाजूला आणि एलिव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी) किंचित वर देतो, म्हणजे विमान सरळ लांब न जाता गोल फिरत जवळपासच उतरतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, कस्टममध्ये त्या वेळचं आउटपुट साठवलं जातं, नंतर तुम्ही चॅनेल रिव्हर्स केला किंवा थ्रॉटलची सेटिंग बदलली तर फेलसेफ आपोआप बदलत नाही. काही बदललं की परत सेट करा आणि परत तपासा.

तपासायचं कसं तर आधी प्रॉप काढा. प्रॉप काढा. मग कुणाला तरी विमान धरायला सांगा, थ्रॉटल अर्ध्यावर न्या आणि रिमोट बंद करा. बॉक्सर लगेच बंद होत नाही, मॉडेल अजून चालू आहे म्हणून विचारतो, चांगली सोय आहे, उडताना चुकून बटण दाबलं गेलं तर वाचतो माणूस. हो म्हटल्यावर बंद होतो आणि दोन क्षणात मोटर थांबली पाहिजे, रडर ठरलेल्या बाजूला गेला पाहिजे. रिमोट परत चालू करताना थ्रॉटल खाली आणून मगच.

रेंज चेक, म्हणजे पॉवर कमी करून सिग्नल किती लांब पोचतो ते जमिनीवरच तपासणं, त्याच इंटर्नल आरएफच्या ओळीत आहे, बाइंडच्या (रिसीव्हर रिमोटला जोडायच्या बटणाच्या) शेजारी रेंज. ते दाबलं की पॉवर एकदम कमी होते, फ्रस्काय स्वतःच्या मॉड्यूलबद्दल सांगते की या मोडमध्ये अंतर १/३० राहतं आणि साधारण ३० मीटरवर सगळं नीट चाललं पाहिजे. विमान जमिनीवर ठेवून करू नका, निदान ६० सेंटिमीटर उंच लाकडी स्टूल घ्या, आणि मोटर बंद ठेवून एकदा, चालू ठेवून एकदा. स्क्रीनवर आरएसएसआय, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा दिसत राहतो, डीफॉल्टला ४५ ला पहिला अलार्म आणि ४२ ला क्रिटिकल. मोटर चालू केल्यावर आकडा धाडकन खाली आला तर अँटेना ईएससीच्या किंवा बॅटरीच्या जवळून गेलीय असं समजा. दोन अँटेना असतील तर एकमेकींना ९० अंशात ठेवा, आणि कार्बनच्या नळीला चिकटवू नका. रिमोटच्या अँटेनाचं टोक विमानाकडं रोखून उभं राहू नका, टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी असतो.

जागा पण बघा. तासगावकडं द्राक्षबागेच्या कडेला रेंज चेक करणारे पाहिलेत, तिथं लोखंडी अँगल आणि तारांचा मांडव, सिग्नल आदळून परत येतो आणि आकडा कसाही नाचतो. तोडणी झालेलं मोकळं रान किंवा जतकडचा माळ असेल तर खरं काय ते कळतं.

आता ४-इन-१ ची खरी गोम, जी बॉक्सवर कुठंच लिहिलेली नाही. फ्रस्कायच्या प्रोटोकॉलला मल्टिमॉड्यूलमध्ये फ्रीक्वेन्सी फाइन ट्यून करावी लागते. नाही केली तरी टेबलावर बाइंड होतं, रडर-एलिव्हेटर हलवणारे सर्व्हो हलतात, सगळं झकास, आणि लांब गेल्यावर सिग्नल तुटतो. आरएफ फ्रीक फाइन ट्यूनचा आकडा एका बाजूला सरकवत जा, कनेक्शन तुटेल तिथला आकडा लिहून ठेवा, मग दुसऱ्या बाजूला तसंच, आणि दोन्हीच्या बरोबर मधला आकडा ठेवा. एवढं करून परत रेंज चेक केलात की फरक डोळ्यांनी दिसतो. रेंज चेक कशासाठी असतो ते मला या एका सेटिंगनं पटवलं.

ईएलआरएस (एक्सप्रेसएलआरएस, दुसरा एक प्रोटोकॉल) वाला बॉक्सर घेणार असाल तर वरचं फाइन ट्यून विसरा, पण तिथं हे रेंज बटण असं चालत नाही, पॉवर सगळ्यात कमी करून चालत जायचं. पीडब्ल्यूएम रिसीव्हरचा, म्हणजे सर्व्हो थेट जोडता येतात अशा रिसीव्हरचा, फेलसेफ रिसीव्हरच्या वायफाय पेजवर सेट होतो. तपासायची पद्धत तीच, प्रॉप काढून.

कमी काय आहे, तर स्क्रीन काळीपांढरी आणि छोटी, भर उन्हात वाचता येते ते बरंय, पण मेनू सगळा इंग्रजी आणि खोल, नवीन माणूस तासभर फिरत बसतो. स्वस्त नाहीये. फक्त एक ट्रेनर उडवायचा असेल तर साध्या सहा चॅनेलच्या सेटवर पण भागतं, फक्त त्यातला फेलसेफ स्वतः जाऊन चालू करा, तो सेट तुम्हाला ओरडून आठवण करणार नाही. नियमांचं म्हणाल तर २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतचं छंदाचं मॉडेल नजरेच्या टप्प्यात उडवायचं असतं, म्हणजे रेंज किलोमीटरची असली तरी विमान दिसेल तिथवरच.

माझ्याकडून घ्या असंच आहे. बॅटरी वेगळी घ्यावी लागते, दोन सेलची, आणि रिसीव्हर मागवताना दुकानदाराला टेलिमेट्रीवालाच, म्हणजे रिमोटला परत माहिती पाठवणारा द्यायला सांगा, नाहीतर आरएसएसआय दिसणार नाही आणि अलार्म पण वाजणार नाही.