गाडीबरोबर आलेलं ब्रेकचं सामान: काय लावावं, काय नको

वापरलेली स्पोर्ट्स कार घेतली की डिकीत बऱ्याचदा एक पिशवी सापडते. आधीच्या मालकाने ट्रॅकसाठी काढून ठेवलेलं, नाहीतर हौसेने आणून लावायचं राहिलेलं ब्रेकचं सामान. प्रत्येक वस्तूचं नाव शोधत बसण्याआधी सरळ दोन ढीग करा: ब्रेक ऑइलशी संबंध येणारं आणि न येणारं. दुसऱ्या ढिगात अंदाज चुकला तर बहुतेक वेळा ब्रेक फक्त किंचाळतील. पहिल्यात चुकला तर पेडल खाली जाईल.

पॅडमागचे पत्रे

ब्रेक पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दाबून धरणारे तुकडे; त्यांच्या आकाराचे पातळ पत्रे म्हणजे शिम. आवाज दाबणाऱ्या शिमला बहुधा रबरासारखा थर किंवा चिकट पाठ असते. पिशवीत कोरडे, राखाडी, हाताला अगदी हलके पत्रे असतील तर ते टायटॅनियमचे असू शकतात. लोहचुंबकावर विसंबू नका, कारण स्टेनलेस स्टीलच्या बऱ्याच जातींनाही चुंबक चिकटत नाही. वजन मात्र फसवत नाही: तेवढ्याच आकाराचं टायटॅनियम स्टीलच्या निम्म्याहून थोडंसंच जास्त भरतं.

दोघांची कामं वेगळी. टायटॅनियममधून उष्णता सावकाश जाते, त्यामुळे तापलेल्या पॅडची धग पॅडला मागून ढकलणाऱ्या पिस्टनपर्यंत आणि तिथून ऑइलपर्यंत कमी पोचते. डॉट ४ दर्जाचं कोरं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. ओलावा शोषलेल्यासाठी ही मर्यादा 155 वर येते. ट्रॅकवर हा फरक कळतो, रोजच्या रस्त्यावर नाही. म्हणून रस्त्यासाठी आवाजाचे शिम, ट्रॅकसाठी टायटॅनियम. दोन्ही एकावर एक रचू नका; जाडी वाढून नवे पॅड डिस्कला घासत राहतात.

स्प्रिंगचे पाय असलेली गोल बटणं

ही धुळीची टोपणं वाटतात, पण असतात कंपन शोषणारे डँपर. एक बाजू पोकळ पिस्टनमध्ये दाबून बसते, दुसरी पॅडच्या पाठीला चिकटते. दोन मापांचे निघाले तर भेसळ समजून टाकून देऊ नका. एकाच कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड आणि पिस्टन धरणाऱ्या सांगाड्यात, लहानमोठे पिस्टन असणं नेहमीचं आहे. पॅड तिरका झिजू नये म्हणून डिस्क जिथून आत शिरते तिथला पिस्टन लहान ठेवतात. एकदा चिकटवून उपटलेले डँपर पुन्हा नीट धरत नाहीत. माझं मत विचाराल तर नवे आणा, किंवा थोडा आवाज सहन करा.

होज: इथे अंदाज नको

जाळीदार स्टीलचे होज, म्हणजे कॅलिपरला ऑइल पोचवणाऱ्या लवचिक नळ्या, दिसायला देखणे, आणि पिशवीतली सर्वांत धोक्याची वस्तू तीच. टोकाचे आटे दोन प्रकारचे असू शकतात: 10 मिमी व्यास, 1 मिमी पिच (दोन आट्यांमधलं अंतर), किंवा 3/8 इंच, दर इंचाला 24 आटे. दुसऱ्याचा व्यास 9.525 मिमी आणि पिच सुमारे 1.058. म्हणजे इंचाचा नट मिलिमीटरच्या भोकात सैलसर शिरतो, बऱ्यापैकी आवळलाही जातो, आणि जोरात पेडल दाबल्यावर आटे सोडतो. नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही. व्हर्नियर आणि पिच गेज दोन्ही लावा.

आटे जुळले तरी काम संपत नाही. त्याच 3/8 इंची आट्यांवर 45 अंशांचा फ्लेअर (टोकाची शंकूसारखी तिरकी बैठक) मिळतो आणि 37 अंशांचाही. दोन्ही एकमेकांत गच्च बसल्यासारखे वाटतात, पण टेकतात फक्त एका बारीक रेघेवर, आणि तिथून ऑइल झिरपतं. छापील खूण नसलेला होज मी लावणार नाही, कितीही कोरा दिसो. बँजो बोल्टचे, म्हणजे होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे, तांब्याचे वॉशर तर दर वेळी नवेच. वापरलेल्यावर गोल खाच उमटलेली दिसते.

सुटे पॅड

कडेला वर्तुळातला ई आणि जवळच ९०आर असं दिसलं तर रस्त्यावरच्या वापराची मान्यता आहे. निव्वळ ट्रॅकच्या पॅडवर ती सहसा नसते, आणि असे पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत. पिवळे कॅलिपर पाहून सिरॅमिक डिस्क समजू नका. पोर्शे 2001 च्या 911 जीटी२ पासून सिरॅमिकसोबत पिवळा रंग देते हे खरं, पण रंग कोणीही मारू शकतो. सिरॅमिक आणि बिडाच्या डिस्कचे पॅड वेगळे असतात. पार्ट नंबर जुळला नाही तर बाजूला ठेवा.

बोल्ट

कॅलिपर धरणारे बोल्ट ऑइलला शिवत नाहीत, तरी ते पहिल्याच ढिगात टाका. डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा ताकदीचा दर्जा कोरलेला असतो. मूळ बोल्ट 10.9 चा असेल तर 8.8 चालणार नाही. आट्यांवर वाळलेल्या रंगीत गोंदाचे तुकडे दिसले तर तो बहुधा एकदा वापरून झालेला आहे.