पनवेल–कर्जत मार्गामागची बँक : एका प्रवाशाचे परीक्षण

नवीन पनवेलमध्ये राहून कर्जतला लोकलने जायचे, तर आजवर ठाण्याला दहा नंबरच्या फलाटावर उतरून, पूल चढून मध्य रेल्वेची गाडी धरावी लागे. हा वळसा वाचवणाऱ्या पनवेल–कर्जत मार्गाला कर्ज देणाऱ्या आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेची सेवा तपासावी, असे म्हणूनच वाटले. हा मार्ग ज्यात येतो, त्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ऑगस्ट २०२० मध्ये करार झाला. अंदाजे ९९.७ कोटी डॉलरपैकी ५० कोटी बँकेचे, ३१ कोटी राज्य सरकारचे आणि उरलेले रेल्वेचे.

मुदत ३० वर्षांची असून त्यातली पहिली ५ वर्षे मुद्दल फेडायची नाही, ही अट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण रुळांवरून गाडी धावून तिकिटाचा पैसा येण्याआधी हप्ता मागणारा सावकार अशा कामाला परवडत नाही. (आमच्या घरकर्जाला अशी सवलत कुणी दिली असती, तर!) शिवाय विस्थापितांचे पुनर्वसन आणि पर्यावरण यांबाबतच्या अटी कर्जासोबतच येतात, त्यांमुळे काम लांबते, पण त्या हव्यातच.

उणीव मताधिकाराची. बीजिंगमध्ये मुख्यालय असलेल्या, जानेवारी २०१६ पासून चालू झालेल्या या बँकेत भारत दुसऱ्या क्रमांकाचा भागधारक असला, तरी चीनकडे एक चतुर्थांशाहून अधिक मते असल्याने तीन चतुर्थांश बहुमत लागणारे निर्णय त्याच्या संमतीवाचून होत नाहीत. कर्ज डॉलरमधले आहे, म्हणजे रुपया घसरला तर फेड महागते, हेही ध्यानात ठेवावे. पाचपैकी चार तारे.