न मिरवणारा पैसा पुण्यात कुठे राहतो: डेक्कन, बोट क्लब की लष्कर?

प्रभात रस्ता–भांडारकर रस्त्याचा पट्टा, पूर्वेकडचा बोट क्लब–कोरेगाव पार्क आणि लष्करातले (कॅम्पातले) जुने बंगले. पुण्यातला वाडवडिलांचा पैसा मुख्यतः या तीन ठिकाणी मुरला. झाडी तिन्हीकडे आहे, फाटकावर नुसतं आडनाव तिन्हीकडे आहे. घर घेणाऱ्याचा हिशेब मात्र तिन्हीकडे वेगळा, कारण जमीन वेगवेगळ्या वाटांनी हातात आलेली.

१८९७ च्या प्लेगनंतर पेठांतली दाटी नकोशी झाली आणि ऐपतदार मंडळी हळूहळू लकडी पुलापलीकडे सरकली. डेक्कन जिमखाना १९०६ चा, भांडारकर संस्था १९१७ ची, लॉ कॉलेज १९२४ चं. वकील, डॉक्टर, प्राध्यापकांनी बचतीतून प्लॉट घेतले, म्हणून इथली श्रीमंती मुळात जमिनीची. दारातली गाडी वीस वर्षांची असेल, पण बंगल्याखालची पाच-दहा गुंठे जागाच खरी तिजोरी.

बोट क्लबकडे पैसा आधी होता, जमीन नंतर आली: संस्थानिक, पारशी, उद्योगपती. रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा. शेजारच्या कोरेगाव पार्कात १९७४ ला रजनीश आश्रम आला, मग हॉटेलं आली, आणि नॉर्थ मेन रोडवर आज मिरवणाराच पैसा जास्त दिसतो. आतल्या गल्ल्या अजून शांत आहेत. मोठं क्षेत्रफळ आणि दोन गाड्यांची जागा हवी असेल तर हीच बाजू. पायी भाजी, वाचनालय, टेकडी हवी असेल तर डेक्कन. मेट्रोची मार्गिका दोन्हीकडे एकच, त्यामुळे तो मुद्दा सोडून द्या.

लष्करातला बंगला दिसायला सर्वात देखणा आणि घ्यायला सर्वात अवघड. बरेच बंगले ‘ओल्ड ग्रँट’वर आहेत, म्हणजे जमीन संरक्षण खात्याची आणि धारकाकडे फक्त बांधकाम. कॅन्टोन्मेंटच्या जनरल लँड रजिस्टरमधली नोंद पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. कर्ज मिळणं, हस्तांतर, वाढीव बांधकाम, सगळं तिथे अडतं. भाड्याने राहायला मात्र उत्तम.

डेक्कनवर खरी अडचण वारसांची. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) अजून आजोबांचं नाव असतं. मृत्युपत्र नाही, तीन अपत्यं, त्यातला एक मुलगा वारलेला आणि त्याची बायको व दोन मुलं मागे, तर सह्या पाच लागतात. ‘आत्याचं लग्न झालंय, तिचा हक्क नाही’ हे ऐकलं की सावध व्हा. आजोबांनी स्वतः घेतलेला बंगला ही स्वकष्टार्जित मिळकत, आणि त्यात १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क देणारी, ती गोष्ट निराळी. आत्याने हक्क सोडला असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवं, साध्या कागदावरचं संमतीपत्र चालत नाही.

एखादा वारस परदेशात असतोच. त्याचं कुलमुखत्यारपत्र तिथे साक्षांकित करून आणलं, तरी महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावं लागतं. हे राहून गेलं की नोंदणीच्या दिवशी सगळं ठप्प. विक्रेता अनिवासी असेल तर निवासी विक्रेत्याची १ टक्का करकपात लागू होत नाही, दर बराच चढा असतो आणि कमी कापल्यास खरेदीदार अडकतो. वकिलाकडून मालकीचा ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. रुसलेला चुलतभाऊ अनेकदा नोटीस वाचूनच उगवतो, आणि तो व्यवहाराआधी उगवलेलाच बरा.

पुनर्विकासातला फ्लॅट घेताना गल्लीची रुंदी स्वतः मोजा. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला जादा बांधकामाचा हक्क) वापरता येत नाही, त्यामुळे बिल्डरने दाखवलेले वरचे मजले मंजूर नकाशात आहेत का ते बघा. आवारातला जुना आंबा तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि त्यात काम रखडतं. इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट, हेही विचारा. अपार्टमेंट असेल तर घोषणापत्र आणि तुमच्या फ्लॅटचं स्वतंत्र डीड ऑफ अपार्टमेंट, दोन्ही नोंदवलेली हवीत. नाहीतर ज्या जमिनीसाठी एवढे पैसे मोजले, तिच्यातला तुमचा हिस्सा कागदावर येतच नाही.

बोट क्लब बाजूला वारसांचा घोळ तुलनेने कमी भेटतो, कारण बरीच मालकी ट्रस्ट किंवा कंपनीच्या नावे असते. तिथे विश्वस्तांचा ठराव आणि सार्वजनिक ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी मागा. नदीकाठच्या प्लॉटला पाटबंधारे खात्याच्या निळ्या (नदीलगतच्या) आणि लाल (त्यापलीकडच्या, मोठ्या पुराच्या) पूररेषा कुठून जातात ते नकाशावर पाहा. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम सहसा होत नाही, त्यामुळे जुनी इमारत पाडून पुन्हा बांधता येईल का, हे आधी महापालिकेत विचारा.

दोन पिढ्या राहायचं असेल तर माझा कौल डेक्कनला, पण वारसांच्या सगळ्या सह्या आणि मिळकत पत्रिकेवरचा फेरफार पूर्ण झाल्यावरच. दहा वर्षांत विकायचं असेल तर बोट क्लब. तिथल्या मोठ्या फ्लॅटला गिऱ्हाईक बाहेरगावचंही मिळतं.