विनाईल फ्लोरिंगची दुरुस्ती, फोंडा : काम चांगलं, फिनिशिंगला मार्क कमी

आमचं घर १९६१ च्या आधीचं, चिऱ्याच्या भिंती, खाली लाल कोबा. कोबा जागोजागी फुटलेला म्हणून हॉलमध्ये विनाईल प्लँक टाकून घेतले होते, म्हणजे प्लास्टिकच्या लांब पट्ट्या, एकमेकांत क्लिक करून बसवतात त्या. टाकणाऱ्याने फटाफट काम उरकलं आणि वर्षभरात चालताना टकटक आवाज, सांध्यात नख जाईल एवढी फट, खिडकीपाशी तर पट्टी अशी वर आली की झाडू अडायला लागला. फोन केला तर म्हणे "हवामानाचा प्रॉब्लेम आहे मॅडम". गोव्यात पाऊस पडतो हे त्याला नवीनच असावं!

दुरुस्तीसाठी आले ते सगळे एकच सांगत होते, काढून टाका, नवीन घाला. हा एकटा कारागीर गुडघ्यावर बसला, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) उचकटलं आणि म्हणाला, "वयनी, पट्टी बरी आसा, सकयल पळोवया." म्हणजे पट्टी चांगली आहे, खाली बघूया.

आणि खाली सगळी गंमतच होती. पट्ट्या थेट भिंतीला टेकवलेल्या. हे फ्लोरिंग खाली चिकटवत नाहीत, नुसतं पसरून ठेवलेलं असतं, ऊन लागलं की थोडं वाढतं, म्हणून चारी बाजूंना साधारण ६ ते १० मिमी गॅप सोडून वरून स्कर्टिंग मारतात. गॅपच नाही तर ते जाणार कुठे, वरच येणार ना. दाराची चौकट खालून कापून पट्टी आत सरकवायची सोडून पट्टीच वेडीवाकडी कोरून सिलिकॉन भरलेलं. कोब्यातले खड्डे तसेच, वर फोम, म्हणजे पाय पडला की पट्टी दबणार आणि दबून दबून लॉक तुटणार. एका पट्टीची कड तर उचलताना बिस्किटासारखी हातात आली.

ह्याने प्रत्येक पट्टीवर मास्किंग टेपने नंबर टाकून भिंतीकडून ओळीने सोडवल्या. कोबा गुळगुळीत, त्यावर लेव्हलिंग कंपाऊंड (खड्डे भरून जमीन सपाट करायचं मिश्रण) धरत नाही म्हणून आधी ग्राइंडरने खरवडला. रात्रभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांना टेप मारून ठेवला, सकाळी आतून थेंब, म्हणजे जमिनीतून ओल येत होती. मग कंपाऊंड सुकल्यावर जाड प्लास्टिक, जोड एकमेकांवर चढवून टेप मारलेले, आणि त्यावर पट्ट्या. तुटलेल्यांच्या जागी आमच्या उरलेल्या बॉक्समधल्या. उन्हातल्या पट्ट्यांचा रंग उतरल्याने नवीन वेगळ्या दिसतात, त्या त्याने हुशारीने सोफ्याखाली घातल्या.

आता आवाज नाही, लादीवर चालल्यासारखं घट्ट वाटतं. पण ग्राइंडरची लाल धूळ पार देवघरापर्यंत गेली, साधा पडदा लावायचं सुचलं नाही. स्कर्टिंगचे कोपरे तर बघवत नाहीत, पंचेचाळीस अंशात कापायचे सोडून पुट्टी फासलीय. फोन लागला तर नशीब, चवथीआधी, म्हणजे गणपतीआधी, काम होतं की नाही ह्याचंच टेन्शन होतं, झालं एकदाचं.

एक गोष्ट मात्र त्याने पैसे घेण्याआधीच सांगितली. जमिनीतली ओल प्लास्टिकने थांबत नाही, नुसती अडते, आणि अशा जुन्या चिऱ्याच्या भिंतीत मग ती कडेने वर चढू शकते. तेव्हा पावसाळ्यात प्लास्टरवर लक्ष ठेवा, फुगायला लागलं तर आधी बाहेरच्या बाजूचं पाणी कुठे साचतं ते बघा, फ्लोरिंगवाल्याला नंतर बोलवा.

खर्च नवीन टाकण्याच्या निम्म्याहून कमी, त्यातलाही बराचसा कंपाऊंडचा.